दम्याचा रोगी आणि शरीराचा जमाखर्च



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. दमा आणि अमिनो आम्ले हा विषय ऐकून ते गृहस्थ क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्यांचे आश्चर्य रास्त होते. मी डॉक्टर नव्हे आणि रसायनशास्त्रज्ञ तर नव्हेच. नववीनंतर माझी शाळा सुटली ती जिनात कामाला लागण्यासाठी. पुढे जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, आणि जे कळले नाही ते डॉक्टर मंडळींच्या मागे लागून समजावून घेतले. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. ज्या गोष्टीचा मला उलगडा झाला ती तुम्हांलाही व्हावी, एवढाच हेतू आहे.

हा विषय मी निवडला नाही, तो माझ्या दारात आला. २०१८ सालच्या हंगामातली गोष्ट. आमच्या संघटनेचा एक चोवीस वर्षांचा पोरगा जिनात रेच्यावर काम करीत असे. त्याला लहानपणापासून दमा. सरकारी दवाखान्यात तोंडाने ओढावयाचा पंप मिळाला होता, पण तो त्याने फळीवर ठेवून दिला. मी रागावलो तर म्हणाला, “भाऊ, थो पंप एकदा लागला का मंग सुटत नाही म्हन्तेत.” त्याऐवजी तो कुठल्याशा गावाहून पुड्या आणी. पुडी घेतली की दोन तासांत छाती मोकळी. दीड वर्ष हे चालले. मग त्याचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, मांड्या आणि दंड मात्र काड्यांसारखे झाले. रुईचा भारा उचलताना पाय लटपटू लागले. व्यायामशाळेतल्या कोणा मित्राने त्याला सांगितले की तुझ्या अंगातली प्रथिने कमी झाली, अमिनो आम्लांचा डबा घे. पोराने उसनवारी करून डबा घेतला. डब्याला पैसे लागतात म्हणून पुडी बंद केली. पुडी बंद केल्याच्या चवथ्या रात्री आम्ही त्याला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेला.

पोरगा वाचला. परंतु त्या रात्री तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितले, ते समजून घेण्यात माझी पुढची दोन वर्षे गेली. पुडी, वाळलेल्या मांड्या, डबा आणि ती रात्र या चार गोष्टी एकाच सूत्रात बांधलेल्या आहेत. ते सूत्र म्हणजे अमिनो आम्लांचा चयापचय.

अमिनो आम्ले म्हणजे काय?

आपण जी डाळ, भाकरी, दूध, अंडी खातो त्यांतील प्रथिने पोटात गेली की त्यांचे तुकडे होतात. अगदी शेवटचा तुकडा म्हणजे अमिनो आम्ल. आपल्या शरीरातील प्रथिने मुख्यतः २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली आहेत. त्यांतील ९ शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. बाकीची शरीर आपल्या कारखान्यात करून घेते.

हा व्यवहार केवढा मोठा आहे पाहा. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३०० ग्रॅम प्रथिने मोडली जातात आणि जवळजवळ तितकीच नव्याने बांधली जातात. आपण खातो ती मात्र ५० ते ७० ग्रॅमच. म्हणजे शरीर बहुतांश जुन्याच विटा काढून नव्या भिंती बांधते, आणि जेवढी तूट येते तेवढीच बाहेरून मागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेले प्रमाण दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम असे आहे. पन्नास किलोच्या माणसास हे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम झाले. आपले मुख्य अन्न धान्य असल्याने थोडे अधिक धरावे.

आपल्या वऱ्हाडी जेवणाची या दृष्टीने परीक्षा करण्याजोगी आहे. ज्वारीत लायसिन नावाचे अमिनो आम्ल तोकडे असते, ते तुरीच्या डाळीत मुबलक असते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते ज्वारी पुरविते. आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता भाकरीशेजारी वरण वाढले ते योग्यच होते. पण नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबाचे काय? १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या मजुरांतील पेलाग्रा या रोगाचा शोध घेतला. ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याने शरीरातील नायसिन जीवनसत्त्वाचा हिशेब बिघडतो, असे त्यांनी मांडले. त्यावर पुढे वाद झाले. परंतु एका अमिनो आम्लाच्या कमीअधिकपणाने मजुराच्या अंगावर रोग उमटू शकतो, हा विचार आपल्याच पठारावरच्या ताटातून निघाला हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

श्वासनलिकेतील तीन अमिनो आम्ले

आता दम्याकडे वळू. दम्यात तीन गोष्टी घडतात. श्वासनलिकेभोवतीचा स्नायू आवळला जातो, आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ साठतो. या तिन्हींत अमिनो आम्लांचा हात आहे. मी तीनच नावे घेतो: हिस्टिडिन, टायरोसिन आणि आर्जिनिन.

हिस्टिडिनपासून हिस्टामिन तयार होते. इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी १९१० साली दाखविले की हिस्टामिन टोचले असता गिनीपिगच्या श्वासनलिका घट्ट आवळल्या जातात. तेव्हा दम्याचा चोर सापडला असे अनेकांना वाटले. परंतु हिस्टामिनविरोधी गोळ्यांनी शिंका थांबल्या, दमा मात्र फारसा हटला नाही. कारण दुसरा आणि अधिक जबर गुन्हेगार होता. त्याची रासायनिक घडण १९७९ साली स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएल्सन यांनी उलगडली. ल्यूकोट्राइन हे त्याचे नाव. मूळ चरबीच्या आम्लाला ग्लूटाथायोनची जोड मिळाली म्हणजे तो बनतो, आणि ग्लूटाथायोन म्हणजे तीन अमिनो आम्लांची साखळी. शरीर जे ग्लूटाथायोन एरवी स्वतःच्या रक्षणासाठी वापरते, त्याचाच हा दुसरा उपयोग. काही रोग्यांना रात्री दिली जाणारी माँटेल्युकास्टची गोळी या ल्यूकोट्राइनचीच वाट अडविते.

टायरोसिनचे काम उलट आहे. त्यापासून पायरीपायरीने अॅड्रिनॅलिन बनते, आणि अॅड्रिनॅलिन आवळलेली श्वासनलिका सैल करते. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने १९०१ साली ते शुद्ध स्वरूपात मिळविले. आज आपल्या खिशातल्या निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल हे त्याच घराण्यातले, पण हृदयाला कमी धक्का देईल अशा रीतीने माणसाने घडविलेले औषध आहे. म्हणजे एका अमिनो आम्लाच्या वंशजाने नळी आवळते आणि दुसऱ्याच्या वंशजाने ती उघडते.

तिसरे आर्जिनिन. याची कथा सर्वांत गुंतागुंतीची आणि अलीकडची आहे. आर्जिनिनपुढे दोन वाटा असतात. एका वाटेने त्यापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आणि सिट्रुलिन बनते. हा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो योग्य जागी, योग्य प्रमाणात असला तर स्नायू सैल ठेवण्यास मदत करतो. दुसऱ्या वाटेवर आर्जिनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेले असते. कोसेल आणि डेकिन यांनी ते १९०४ साली शोधले. ते आर्जिनिनचे युरिया आणि ऑर्निथिन करते. ऑर्निथिनपासून पुढे प्रोलिन होते, प्रोलिनपासून कोलॅजन, आणि कोलॅजन म्हणजे जखमेवर वण धरणारे सूत.

दम्यात काय होते? सूज आणणारे पेशींचे संदेश या आर्जिनेजला चेतवितात. २००३ साली अमेरिकेत सिनसिनाटी येथील संशोधकांना दमा निर्माण केलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत आर्जिनेज फार वाढलेले दिसले. २००४ साली डॉ. क्लॉडिया मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्याच्या तीव्र झटक्याने रुग्णालयात आलेल्या माणसांचे रक्त तपासले. त्यात आर्जिनेजचा जोर वाढलेला आणि आर्जिनिन घटलेले आढळले. दिल्लीच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ जीनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी’ या सरकारी संस्थेतील संशोधकांनी २०१० च्या सुमारास याच कथेचा आणखी एक भाग दाखविला. आर्जिनिनसारखाच दिसणारा, परंतु नायट्रिक ऑक्साइडची वाट अडविणारा एक पदार्थ सुजलेल्या फुप्फुसात साठतो.

येथे चौकस श्रोता एक प्रश्न विचारील. दवाखान्यात दम्याच्या रोग्याला यंत्रात फुंकर घालावयास लावून नायट्रिक ऑक्साइड मोजतात. ते तर वाढलेले निघते. प्रौढांत दर अब्जामागे २५ भागांपेक्षा कमी असेल तर सूज सौम्य आणि ५० पेक्षा अधिक असेल तर बरीच, असे मानतात. मग तो वायू कमी की जास्त? उत्तर असे की कारखाना एकच नाही. सुजलेल्या अस्तरातला एक कारखाना बेसुमार माल काढतो, आणि तो जादा वायू इतर द्रव्यांशी मिळून ऊतकांना जाळतो. स्नायूला सैल ठेवणाऱ्या दुसऱ्या कारखान्यास मात्र कच्चा माल पुरत नाही. एका गल्लीत नळ फुटून चिखल आणि शेजारच्या गल्लीत घागर रिकामी, असे दृश्य आपल्या दोन्ही शहरांत उन्हाळ्यात नवे नाही.

मग डबा घ्यावा काय?

आर्जिनिन कमी पडते ना, मग वरून आर्जिनिन खावे, हा विचार सहज सुचतो. डबे विकणाऱ्यांनाही तो सुचला. परंतु शास्त्रज्ञांनी त्याची परीक्षा घेतली आहे. मध्यम आणि तीव्र दम्याच्या रोग्यांना रोज आर्जिनिन देऊन ज्या लहान चाचण्या झाल्या, त्यांत झटके ठळकपणे कमी झाले नाहीत. कारण उघड आहे. वाटेवर आर्जिनेज बसलेले असताना वरून घातलेला माल त्याच्याच पदरात पडण्याचा संभव अधिक.

सिट्रुलिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. सिट्रुलिन आर्जिनेजच्या हातून निसटते आणि मूत्रपिंडात त्याचे पुन्हा आर्जिनिन होते. हे द्रव्य प्रथम टरबुजात सापडले आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले. २०१९ साली अमेरिकेत सुमारे चाळीस लठ्ठ दमेकऱ्यांना दोन आठवडे रोज १५ ग्रॅम सिट्रुलिन दिले, तेव्हा दम्यावरील ताबा काहीसा सुधारला. पण ही प्राथमिक चाचणी होती, तुलनेसाठी खोटे औषध घेणारा गट नव्हता, आणि ती लठ्ठ रोग्यांपुरती होती. आमच्या जिनातला पन्नास किलोचा पोरगा त्या गटात बसत नाही. कोणी म्हणेल, टरबूज खाऊ. अवश्य खा, आपल्या नदीच्या रेतीतले टरबूज गोड असते. पण १५ ग्रॅमसाठी कितीतरी किलो खावे लागेल, आणि औषध म्हणून ते कोणी सिद्ध केलेले नाही. मूठभर शेंगदाण्यांत पाऊण ते एक ग्रॅम आर्जिनिन असते. डब्यापेक्षा ते स्वस्त आहेत, आणि त्यांबरोबर इतर प्रथिनेही मिळतात. ते अन्न म्हणून खावेत, पंप फेकून देण्यासाठी नव्हे.

पुडीचे रहस्य

आता पुन्हा त्या पोराकडे येतो. दोन तासांत छाती मोकळी करणाऱ्या पुडीत काय असावे? डॉक्टरीणबाईंनी त्याचा चेहरा पाहताच ओळखले. स्टेरॉइड. शरीरात मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. हे त्याचेच नातलग. या औषधांच्या शोधासाठी केंडल, हेंच आणि राइकश्टाइन यांना १९५० साली नोबेल मिळाले, आणि ते योग्यच मिळाले. दम्याच्या तीव्र झटक्यात डॉक्टर पाच-सात दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, त्याने प्राण वाचतात.

परंतु तेच औषध महिनोन्‌महिने पोटात गेले तर अमिनो आम्लांचा जमाखर्च उलटा होतो. स्टेरॉइड स्नायूंना हुकूम देते की प्रथिने मोडा. मोडलेली अमिनो आम्ले यकृताकडे जातात. तेथे त्यांतील नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. युरिया बनविण्याचे हे चक्र क्रेब्ज आणि हेन्झेलाइट यांनी १९३२ साली उलगडले. उरलेल्या सांगाड्याची साखर बनते. म्हणून मांड्या वाळतात आणि रक्तातील साखर चढते. अशा वेळी वरून डबा ओतला तरी त्यातले बरेचसे त्याच वाटेने वाहून जाते. मजुराच्या कष्टाचे पैसे असे मोरीत जातात.

दुसरे संकट याहून मोठे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीराच्या ग्रंथी आपले काम थांबवितात. मग पुडी एकाएकी बंद केली तर बाहेरचे नाही आणि आतलेही नाही. त्या चवथ्या रात्री हेच झाले. म्हणून ज्यांच्या घरी अशी पुडी चालू असेल त्यांना मी हात जोडून सांगतो, ती आजच रात्री एकदम टाकून देऊ नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, सारे खरे सांगा. ते हळूहळू सोडवितील.

आणि पंप? पंपातही स्टेरॉइडच असते, मग फरक काय, असे त्या पोराने रुग्णालयात विचारले. फरक मापाचा आणि मुक्कामाचा. झटक्याच्या वेळची गोळ्यांची मात्रा ४० मिलिग्रॅमपर्यंत असते. पंपाच्या एका ओढीत असते १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा किंवा पाचवा हिस्सा. औषधे निराळी असल्यामुळे नुसत्या वजनाची तुलना पुरी होत नाही. पण पंपातले औषध जेथे सूज आहे तेथेच मुख्यतः पडते, मांडीपर्यंत फारसे पोचत नाही. निळा पंप केवळ नळी उघडतो, सूज उतरवीत नाही. म्हणून नुसत्या निळ्या पंपावर भागवू नये असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनात २०१९ पासून स्पष्ट म्हटले आहे. “मंग याची सवय नाही लागत?” पोराने विचारले. मी म्हटले, “बापा, चष्म्याची सवय लागते काय रे? दिसत नाही म्हणून लावतो.” २०१९ च्या जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, परंतु दम्याने मरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतातले. या दोन आकड्यांमधल्या अंतरात फळीवर ठेवलेले पंप किती असतील याचा विचार करावा.

धूळ कोणाच्या खाती?

येथवर मी शरीराचा हिशेब सांगितला. पण शरीर हवेत राहते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. तेव्हापासून अकोला, अमरावती, खामगाव येथे रेचे आणि प्रेस उभे राहिले आणि त्याबरोबर धूळही. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा रोग दम्याहून वेगळा आहे. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची खूण. परंतु ज्याला आधीच दमा आहे त्याच्या सुजलेल्या नळीत हीच धूळ आणि तिच्यातील जंतूंचे विष गेले, तर सूज भडकते. सूज भडकली की मघाशी सांगितलेले आर्जिनेज चेततेच. म्हणजे रेच्याजवळची धूळ थेट पेशीच्या जमाखर्चापर्यंत पोचते.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात बिसिनोसिस आणि कामामुळे होणारा दमा हे दोन्ही व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदले गेले. पण त्याच कायद्याने हंगामी कारखाने विम्याबाहेर ठेवले, आणि हंगामी कोणते हे सांगताना कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग ही नावे घातली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांचा हा अपवाद कायम ठेवला. १९२३ च्या भरपाई कायद्याखाली दावा करता येत असे. परंतु ज्याचे नाव हजेरीपत्रकावरच नाही त्या मजुराने किंवा रेजेने रोग सिद्ध करावा कसा? कारखाना हंगामी असतो, फुप्फुस बारमाही असते, एवढे तरी कायदा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे होते.

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. रेच्यावर धूळ ओढणारे पंखे चालू असावेत, नुसते बसविलेले नसावेत. हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस प्रत्येकाची फुंकर मोजावी. त्यासाठी लागणारे पीक-फ्लो मीटर हे काही फार महागडे यंत्र नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात निळ्या पंपाबरोबर सूज उतरविणारा पंपही बाराही महिने असावा. आणि दमेकऱ्याला भारा उचलण्याचे काम न देता दुसरे द्यावे, घरी बसवू नये.

घरच्यांसाठी एवढेच. दमेकरी मुलाचे डाळ, शेंगदाणे, अंडे, दूध कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. एखाद्या पदार्थाने त्यास खरोखर त्रास होत असेल तर तेवढाच पदार्थ डॉक्टरांना विचारून टाळा. उपाशी पोरगा दमा सोसू शकत नाही. मृगाच्या सुमारास औषधी मासा गिळण्यासाठी आपल्याकडची मंडळी हैदराबादला जातात. श्रद्धेने जाणाऱ्यास मी अडवीत नाही, पण त्याने दमा बरा होतो असा पुरावा नाही. जाताना पंप खिशात असू द्यावा.

तो पोरगा आज रेच्यावर नाही, काट्यावर वजन लिहितो. त्याच्या मांड्या भरावयास जवळजवळ वर्ष लागले. डबा त्याने परत करावयास नेला होता, दुकानदाराने घेतला नाही. आता त्यात त्याची आई सरकी ठेवते. पंप मात्र फळीवरून उतरून सदऱ्याच्या खिशात आला आहे.